काच आजींची, मोतीबिंदू माझा

माझ्या उजव्या डोळ्याची पुढची काच माझी नाही. १९९१ च्या श्रावणात ती पुण्यात बसवली. कुणाची, हे सांगायचा रिवाज नसतो आणि आपणही विचारायचं नसतं, पण टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "चौसष्ट वर्षांच्या बाईंचा आहे, छान आहे." तेव्हापासून आमच्या घरात त्या डोळ्याचं नाव 'आजी'. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो.

नोकरी भूमी अभिलेख खात्यात. कागदावर भूकरमापक, गावच्या तोंडी मोजणीदार. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घुमटासारखा गोल असावा लागतो. माझा विशीपासून शंकूसारखा पुढे येत गेला. केराटोकोनस. मोजणीदाराला एकच डोळा लागतो, अशी कचेरीत चेष्टा चालायची, कारण प्लेन टेबलावरून नेम धरताना दुसरा मिटायचाच असतो. पण माझा नेमाचा डोळा उजवा, आणि आधी गेला तोही उजवाच.

त्याच डोळ्यात पुढे मोतीबिंदू झाला आणि २०२१ साली तो काढला. कॉर्निया बदललेल्या माणसाचा मोतीबिंदू कसा काढतात, हे विचारणारा तिसरा फोन परवा आला. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा लिहून काढावं म्हटलं. मी डॉक्टर नाही. औषध आणि निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा.

१. "दहा मिनिटांचं काम" हे दुसऱ्यांच्या डोळ्याबद्दल खरं आहे.

२०१८ साली गावातल्या मंगल कार्यालयात शिबिर होतं. बायको तपासायला गेली, म्हणून मीही रांगेत उभा राहिलो. एका तरुण डॉक्टरांनी बॅटरी मारली, "पिकायला लागलाय, परवा गाडी येईल, संध्याकाळी घरी" म्हणाले आणि माझ्या हातावर पेनाने नंबर टाकला. आधी काही ऑपरेशन झालंय का, हे विचारलं नाही. मी सांगितल्यावर ते पुन्हा वाकून बघू लागले, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "काका, तुम्ही इथे नको."

यातलं दुसरं वाक्य त्यांचं मोठेपण होतं, हे मला पुढे कळलं. कॉर्नियाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. विहिरीवरच्या मोटारीसारखं त्याचं काम: कॉर्नियात मुरणारं पाणी अखंड उपसत राहायचं. उपसा थांबला की कॉर्निया फुगतो आणि दुधी होतो. या पेशी पुन्हा वाढत नाहीत. धडधाकट माणसाच्या एक चौरस मिलिमीटरमध्ये त्या अडीच हजारांच्या आसपास असतात आणि वयाबरोबर हळूहळू कमी होतात. बदललेल्या कॉर्नियात ही गळती बरीच जास्त असते. मोतीबिंदूचं कोणतंही ऑपरेशन, कितीही सफाईने केलं, तरी आणखी काही पेशी घेऊन जातंच. दुसऱ्याच्या डोळ्यात अडीच हजारांतून दोनशे गेल्या तर कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या डाव्या डोळ्यात २,४०० होत्या. आजींच्या ७८०. पाचशेच्या खाली गेलं की मोटार कधी बंद पडेल सांगता येत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी म्हणतात. यंत्र डोळ्याला लागत नाही, मिनिटभरात होतं, आणि पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी पेशी दिसतात. आजींचं पोळं विस्कटलेलं होतं, एकेक घर चांगलं ऐसपैस. गेलेल्या पेशींची जागा उरलेल्या पेशी पसरून भरतात, असं मॅडमनी सांगितलं. (मॅडम म्हणजे ज्यांनी पुढे ऑपरेशन केलं त्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.)

२. थेंबांनी आजींना जगवलं, मोतीबिंदूही त्यांनीच आणला.

परक्या कॉर्नियाला शरीराने हाकलून देऊ नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब असतात. मी ते वर्षानुवर्षं घातले, कधी दिवसातून चारदा, कधी एकदा. त्याच स्टिरॉइडने भिंगाच्या मागच्या बाजूला साय धरते. ही साय घरातल्या मंद उजेडात फारशी जाणवत नाही. उन्हात बाहुली आकसली की नजर नेमकी त्या सायीतूनच जाते. भर दुपारी बांधावर उभा राहून मला समोरचा माणूस ओळखू येत नव्हता आणि संध्याकाळी देवघरात पोथी वाचता येत होती. बायकोला वाटायचं मी कामं टाळतोय.

थेंब सोडायचे का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, मोतीबिंदू काढता येतो, आजी परत आणता येत नाहीत.

३. जुनं बाड जपा.

१९९१ चं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर एकाच पिशवीत होतं. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, बसवलेल्या चकतीचा व्यास, टाक्यांची संख्या, सगळं लिहिलेलं. हल्ली पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलतात, फक्त पुढचे थर बदलतात किंवा फक्त आतला पातळ थर बदलतात. तीन प्रकारांत धोके वेगळे. पुढचेच थर बदलले असतील तर उपसा करणाऱ्या पेशी तुमच्या स्वतःच्याच असतात आणि अर्धी काळजी मिटते. माझा पूर्ण जाडीचा.

४. हलत्या जमिनीवर मोजणी करू नये.

इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण हा माझा प्रांत.

मोतीबिंदू काढल्यावर आत कृत्रिम भिंग बसवतात. त्याचा नंबर आधी ठरवावा लागतो आणि तो ठरतो दोन मोजमापांवर: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा उंचवटा. लांबी सरळ मिळते. घोळ उंचवट्यात. टाके घालून शिवलेली चकती एकसारखी गोल कधीच नसते. एका दिशेला ताणलेली, दुसऱ्या दिशेला सैल. टाके असेपर्यंत आणि काढल्यानंतरही काही महिने ती बदलत राहते. अशा वेळी घेतलेलं माप म्हणजे पावसाळ्यात चिखलात रोवलेल्या खुणेवरून हद्द कायम करण्यासारखं.

मला १६ टाके होते. आमची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, म्हणून हा आकडा विसरलो नाही. केसाहून कितीतरी बारीक नायलॉनचे ते टाके १९९३ पर्यंत काढले, अशी नोंद कार्डावर होती. मॅडमनी यंत्राखाली बघितलं आणि म्हणाल्या, "पंधराच काढलेत." सोळावा खाली दाबला गेला होता आणि २६ वर्षांनी तुटून त्याचं टोक वर येऊ लागलं होतं. डोळ्यात खुपतं ते धुळीमुळे, असं मी वर्षभर समजत होतो. तो चिमट्याने काढायला अर्धं मिनिट लागलं. पण तेवढ्याने सगळी मोजणी पुढे गेली. आकार स्थिरावेपर्यंत थांबा, तीन महिन्यांनी या.

तीन महिन्यांनी नकाशा काढला. हे यंत्र प्रत्येकाने एकदा बघावं. काळ्यापांढऱ्या वर्तुळांकडे टक लावून बसायचं. ती वर्तुळं कॉर्नियावर उमटतात आणि त्यांचं प्रतिबिंब किती वेडंवाकडं पडतं, त्यावरून चढउतार काढतात. युक्ती जुनी आहे, पोर्तुगालच्या प्लासिदो नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास अशी चकती वापरली. आता तिला संगणक जोडलाय. पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्चीतून उठलोच. समोच्च रेषांचा नकाशा! तांबडा म्हणजे चढ तीव्र, निळा म्हणजे सपाट. वर एक तांबडी टेकडी, खाली तिच्या समोरासमोर यायला हवी ती दुसरी टेकडी जरा सरकलेली. मी म्हटलं, "मॅडम, ही धार वाकडी आहे." त्या म्हणाल्या, "तेच तर दुखणं आहे." दोन दिशांतला फरक सहा डायऑप्टरचा, आणि तोही नियमित नाही.

दोन गोष्टी कुणी आपण होऊन सांगत नाही. एक, डोळ्यात कडक काँटॅक्ट लेन्स घालत असाल तर माप घेण्याआधी ती काही आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर यंत्र लेन्सने दाबलेला आकार मोजतं. मी चार आठवडे बंद ठेवली आणि त्या काळात घरात दोन कप फोडले. दुसरी, एका यंत्रावर विसंबू नये. माझी तीन यंत्रांवर, दोन वेगळ्या दिवशी मापं घेतली. तिन्ही जुळली नाहीत. जुळणार नव्हतीच.

५. थांबायचं, पण किती ते विचारून.

मार्च २०२० मध्ये ऑपरेशनची तारीख ठरली आणि टाळेबंदी आली. तातडीची सोडून सगळी ऑपरेशनं बंद. वर्ष गेलं. मागची साय होतीच, तेवढ्यात भिंगाचा गाभाही कडक झाला. कडक गाभा फोडायला ध्वनिलहरींचा जोर जास्त लागतो आणि तो जोर आजींच्या पेशी सोसणार. टाका निघाल्यावर थांबलो ते बरोबर होतं, हे थांबणं नुकसानीचं झालं. त्यात कुणाचा दोष नव्हता.

६. काउंटरवरचं कार्ड.

एका मोठ्या दवाखान्यात दुसरं मत घ्यायला गेलो होतो. तपासणीआधीच एका मुलीने मला बाजूच्या खोलीत बसवलं आणि लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं. चार रकाने, चार भाव, हॉटेलच्या थाळीसारखे. शेवटच्या रकान्याखाली "चष्म्यापासून कायमची मुक्ती" आणि एक हसरं जोडपं. "काका, एकदाच करायचं तर चांगलंच करा ना." माझा कॉर्निया बदललेला आहे म्हटल्यावर तिने कार्डाच्या मागच्या बाजूला काही लिहिलंय का, ते बघितलं.

तिचा राग नाही, तिला तेवढंच शिकवलं होतं. पण पैसे भरून मोकळा झालो असतो तर पस्तावलो असतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं महागडं भिंग उजेडाची वाटणी करतं. त्याला पुढची काच स्वच्छ आणि गोल लागते. वाकड्या काचेमागे ते बसवलं की दोन्हीकडे धूसर.

तिसऱ्या रकान्यात टोरिक होतं, म्हणजे तिरका नंबर घालवणारं. ते मात्र विचार करण्यासारखं असतं. आमच्या मॅडमनी कागदावर आकृती काढून समजावलं. तिरकेपणा नियमित असेल, टाके कधीच निघालेले असतील आणि रुग्णाला कडक लेन्स घालायची नसेल, तर टोरिकने फार फायदा होतो. माझा तिरकेपणा अनियमित. शिवाय मी कडक लेन्स घालणारा. ही लेन्स कॉर्नियाचा खडबडीतपणा वरच्यावर झाकते. मग आत बसवलेलं टोरिक भिंग ज्याची भरपाई करायला ठेवलं, तेच उरत नाही, आणि त्याचाच नवा तिरकेपणा तयार होतो. तिसरं कारण त्यांनी जरा थांबून सांगितलं: उद्या आजी थकल्या आणि दुसरा कॉर्निया बसवावा लागला, तर त्याचा तिरकेपणा वेगळा असेल आणि आतलं भिंग जुन्याच हिशोबाचं. मी साधं, एकाच अंतराचं भिंग घेतलं. चारांतलं सगळ्यात स्वस्त.

७. टेबलावर.

फेब्रुवारी २०२१. भुलीचं इंजेक्शन डोळ्याच्या कडेला देतात आणि मग एरवी डोळ्यावर दाब देऊन ठेवतात. माझ्या डोळ्याला दाब नको, असं मॅडमनी सिस्टरना दोनदा बजावलं. इंजेक्शन चढेपर्यंत पडून होतो. वाचलेलं आठवत होतं. पहिला टिकलेला कॉर्निया ७ डिसेंबर १९०५ ला, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ऑलोमोउत्स गावात, डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी बसवला. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला, एका अकरा वर्षांच्या मुलाच्या काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यातून. कृत्रिम भिंग १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी बसवलं; लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे तुकडे राहिले तरी डोळा चिडत नाही, हे त्यांनी युद्धात बघितलं होतं. आणि ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडायची कल्पना न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत सुचली. एका मोजणीदाराच्या डोळ्यात तिघांची गाठ पडायची होती.

छेद जोडापासून दूर, पांढऱ्या भागातून बोगद्यासारखा घेतला. भिंगावरची पातळ पिशवी नीट दिसावी म्हणून निळा रंग टाकला. मला दिसत होते फक्त उजेडाचे तुकडे, पाण्याखालून दिवा बघावा तसे. मधूनमधून मॅडम म्हणायच्या, "जेल." पेशींवर या घट्ट जेलचा थर ठेवतात, म्हणजे आतली खळबळ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिसऱ्यांदा जेल मागितल्यावर त्या मला म्हणाल्या, "आजींना शाल पांघरतेय, काका. हसू नका, डोळा हलतो." पाऊण तास लागला.

८. लाल डोळा म्हणजे डोळे आले, असं आपण ठरवायचं नाही.

ही चूक माझी, १९९८ ची. सात वर्षं काही झालं नव्हतं, म्हणून थेंब आपल्या मनाने सोडले. एका सकाळी डोळा लाल, उजेडात पाणी येतंय. औषधाच्या दुकानात सांगितलं, त्याने डोळे आल्याचे थेंब दिले. तालुक्यात डोळ्यांची साथ होतीच. मोजणीची तारीख लागलेली, दोन्हीकडचे वकील येणार, मग चार दिवस तसाच राहिलो. पाचव्या दिवशी आजींवर धुकं. पुण्याला गेलो तेव्हा दर तासाला स्टिरॉइड, रात्रीही. काच परत स्वच्छ झाली, पण जितक्या पेशी त्या चार दिवसांत गेल्या, तितक्या पुढे २०२१ ला कमी पडल्या.

म्हणून मोतीबिंदूनंतर मी चार गोष्टी कपाटाच्या आतून चिकटवल्या: लाली, उजेड न सोसणं, दिसणं कमी होणं, दुखणं. यातली एक जरी आली तरी त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशनने शरीर जागं होतं आणि जुन्या पाहुण्याकडे पुन्हा संशयाने बघू लागतं, त्यामुळे थेंब आधीपासून वाढवतात आणि नंतर महिनोन्महिने हळूहळू उतरवतात. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा कॉर्निया नागिणीच्या जातीतल्या हर्पिसने गेला होता. त्यांना शिवाय असायक्लोव्हिरच्या गोळ्या होत्या, रोग परत उचल खाऊ नये म्हणून.

आणि एक फुटकळ. प्रेडनिसोलोनची बाटली नीट हलवून घ्या. औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर निम्मं पाणीच जातं. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं सोडा.

९. बांध कायम कच्चा.

तुमचा आणि दुसऱ्याचा कॉर्निया जिथे जुळतो तो जोड मूळच्याइतका मजबूत कधीच होत नाही. तीस वर्षांनीही मार लागला तर तिथूनच उसवतो. माझा नातू अंगावर झेपावतो तेव्हा मी आधी उजवा हात कपाळावर नेतो, मग त्याला घेतो. त्याला वाटतं आजोबा सलाम करतात.

१०. क्लोजिंग एरर.

ट्रॅव्हर्स, म्हणजे खुणेखुणेने पुढे जाणारी मोजणीची रेषा, काढून सुरुवातीच्या खुणेवर परत आलं की रेषा तंतोतंत कधी जुळत नाही. राहिलेल्या फरकाला आम्ही क्लोजिंग एरर म्हणतो. तो किती चालेल ते नियमात असतं. मॅडमनी उणे दीडचा नेम धरला होता, आला उणे तीन. त्यांना वाईट वाटलं, मला नाही. जवळचं चष्म्याशिवाय वाचतो, लांबचं लेन्स घालून. चार महिन्यांनी लेन्सची नवी मापं घेतली, जुनी चालत नाही.

डोळ्याचा दाब २८ वर गेला होता, तोही स्टिरॉइडमुळेच. काचबिंदूचे थेंब सुरू केले. त्यातला एक नेहमीचा प्रकार पेशी कमी असलेल्या डोळ्याला सोसत नाही म्हणून टाळला. दाब उतरला. सहा महिन्यांनी पोळं मोजलं: ६४०. गेल्या वर्षी ५९०. दरसालची ही मोजणी आता माझ्यावर होते आणि मी पलीकडे खातेदारासारखा उभा असतो, कागदावर काय निघतंय ते बघत.

११. मोतीबिंदू काढलेले डोळेही चालतात.

नेत्रदानाचा फॉर्म मी आणला. माझा स्वतःचा डावा शंकूचा, तो दुसऱ्याला बसवता येणार नाही. "आणि आजी?" मी विचारलं. मॅडम हसल्या, "त्यांचं एकदा देऊन झालं. आता तुम्ही वापरा." शिकाऊ डॉक्टरांच्या कामी मात्र दोन्ही येतील म्हणाल्या, म्हणून सही केली.

बायकोचे दोन्ही मोतीबिंदू मागच्याच वर्षी काढले. ती म्हणाली, "माझे आता काय कामाचे? आतलं भिंग बदललंय." मॅडमनी तिला सांगितलं की देतात ती पुढची काच, आतलं भिंग नव्हे. चष्मा असो, मोतीबिंदू काढलेला असो, अडत नाही. मृत्यूनंतर लगेच कळवायचं, कारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात; तोवर पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा आणि डोक्यावरचा पंखा बंद करायचा. हे ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला तो, "पंखा कोण बंद करणार? हे तर विसरतील."

मग माझं पेन घेतलं आणि फॉर्म भरला. वयाच्या रकान्यात तिने ६४ लिहिलं.